साईड बी लावा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजीचा तंबोरा सतारमेकर गल्लीत पोचता केला. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासायला घेतली आहे. पुढच्या शनिवारी देतो म्हणालेत, म्हणजे आपण त्याच्याही पुढचा शनिवार धरायचा.

आता तू पाठवलेल्या पाच अल्बमांच्या परीक्षणांचं. वाचलं, दोनदा वाचलं. भाषा चुरचुरीत आहे, मतं ठाम आहेत, कुणाला बरं वाटावं म्हणून काही लिहिलेलं नाहीस, हे सगळं आवडलं. पण पाचांतले निदान तीन अल्बम तू ऐकलेलेच नाहीस असं मला वाटतं. रागावू नकोस. ते तुझ्या खोलीत वाजले असतील, एवढंच.

स्टँडजवळच्या माझ्या कॅसेटच्या दुकानात एक एस.टी. ड्रायव्हर यायचा. पंढरपूर गाडीवर असायचा. नवी कॅसेट आली की काउंटरवर चहाचा ग्लास ठेवून म्हणायचा, "साईड बी लावा." पहिली बाजू मी कितीही वाखाणली तरी ऐकायचा नाही. त्याचं म्हणणं असं की ए साईडला कंपनी आपला माल मांडते, गाणाऱ्याचं खरं काय ते बी साईडच्या दुसऱ्या गाण्यात कळतं. चहा संपेपर्यंत उभ्याने ते गाणं ऐकायचा आणि मग एकतर पाकीट काढायचा, नाहीतर मान हलवून गाडीकडे चालू लागायचा. बावीस वर्षं दुकान चालवलं, त्याच्याइतका भरवशाचा जाणकार गिऱ्हाइकांत दुसरा सापडला नाही.

तुझ्या लिखाणात प्रत्येक अल्बमच्या पहिल्या तीन गाण्यांवर एकेक परिच्छेद आहे आणि उरलेल्यांवर मिळून एक ओळ. मोजून बघ. यात सगळा दोष तुझा नाही. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात. गाणी करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे हल्ली मुखडा दारातच येऊन उभा असतो. पूर्वीही वेळेची सक्ती होतीच म्हणा. आमच्या मिरजेचे अब्दुल करीम खाँ तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत झिंझोटीतली ठुमरी मांडून गेले, ती अजून ऐकली जाते. मग एल.पी. आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. मग सी.डी., चौऱ्याहत्तर मिनिटं. ज्याला जेवढी जागा मिळाली तेवढ्यात त्याने संसार थाटला.

म्हणून मी कुठलाही अल्बम ऐकताना एकच गोष्ट बघतो. हा मला कशासाठी थांबवून ठेवतोय, आणि थांबलो तर हातात काय ठेवतोय? विलंबित म्हणजे संथ एकतालाचं एक आवर्तन, तालाचा एक फेरा, मिनिटभर चालू शकतं. सम, म्हणजे फेऱ्याची पहिली मात्रा, यायच्या आधीच जो उठून गेला, त्याला बंदिश कशी होती हे विचारण्यात अर्थ नाही. रॅप असो, मेटल असो, प्रत्येकाची सम असते. कुठे ती दर चार मात्रांनी येते, कुठे चाळिसाव्या मिनिटाला.

आउटकास्ट या रॅप जोडीतल्या आंद्रे ३००० चा 'न्यू ब्लू सन' घे. तू लिहिलंस, "रॅपरने रॅप सोडून ८७ मिनिटं बासरी फुंकली आहे, यापुढे सांगण्यासारखं काही नाही." वाक्य झकास आहे. मीही पहिल्यांदा अगदी हेच म्हणालो होतो, तुझ्या काकूला विचार. सकाळी दहाला, स्वयंपाकघरात, मिक्सरमध्ये चटणी फिरत असताना लावला होता आणि "हा काय बासरी शिकतोय का?" म्हणून बंद केला. महिनाभराने एका रात्री वीज गेली, फोनमध्ये चार्ज होता, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, तेव्हा पुन्हा लावला. त्या अंधारात मला कळलं की हा माणूस बासरीवाला म्हणून आपल्याकडे आलेलाच नाही. आउटकास्टचा शेवटचा अल्बम २००६ चा. त्यानंतर सतरा वर्षांनी पहिला एकट्याचा अल्बम काढायचा आणि त्यात ज्या गोष्टीसाठी जग आपल्याला ओळखतं ती तोंडातून काढायचीच नाही, यात एक हट्ट आहे. पहिल्याच गाण्याच्या नावात त्याने सांगून टाकलंय की मला खरंच रॅप अल्बम करायचा होता, पण वारा मला इकडे घेऊन आला. ते गाणं बारा मिनिटं वीस सेकंदांचं. बिलबोर्डच्या हॉट हंड्रेड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत त्याआधी एवढं लांब गाणं कधी शिरलं नव्हतं. त्यात कीबोर्डवर सूर्या बोटोफासिना आहे, तो कॅलिफोर्नियात जॅझवाल्या अ‍ॅलिस कोलट्रेनच्या आश्रमात भजनं ऐकत वाढला. हे कळल्यावर ते लांबलचक स्वर मला एकदम ओळखीचे वाटायला लागले. मधला भाग मात्र मला अजूनही सैल वाटतो. तिथे तो थांबवतो आणि हातात काही ठेवत नाही. तू हे लिहिलं असतंस तर मी टाळी दिली असती.

बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'बद्दल तुझं म्हणणं, सत्तावीस गाण्यांतली निम्मी उडवता आली असती. शफलवर ऐकलंस ना? खरं सांग. त्यात विली नेल्सन आणि लिंडा मार्टेल हे कंट्रीतले, म्हणजे अमेरिकेच्या गावाकडच्या गाण्यातले, जुने गायक रेडिओवरच्या निवेदकासारखे मधे मधे येऊन बोलतात. उलटसुलट लावलं की ते तुकडे कचऱ्यासारखे वाटणारच. क्रमाने ऐकलं की रेडिओचं बटण फिरवत रात्रीचा लांबचा प्रवास चाललाय असं वाटतं. आपल्याकडे 'गारवा' आलं होतं तेव्हा दोन गाण्यांच्या मधे सौमित्र कविता म्हणायचे. आज लोक त्यातलं एकच गाणं काढून पावसाच्या प्लेलिस्टमध्ये टाकतात, आधीचं ऊन कुणी ऐकतच नाही. मग तो गारवा कशातून आला? असो. शेवटचा एक तृतीयांश भाग मलाही लांबलेला वाटला. त्याबाबतीत आपलं एकमत.

पण तिथेच तू लिहून गेलीस की बँजो हे गोऱ्या लोकांचं वाद्य आणि बियॉन्सेने ते उसनं आणलं. इथे मात्र कान धरतो. बँजो अमेरिकेत आणला तो आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी. सुरुवातीचे बँजो तर भोपळ्याचेच असायचे, वर कातडं ताणलेलं. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूरकडून येतात, तसलाच प्रकार. त्या अल्बममधलं 'टेक्सस होल्ड एम' लावलंस की पहिल्यांदा जो बँजो ऐकू येतो तो रियानन गिडन्सचा, आणि बँजोचा हा विसरलेला इतिहास सांगत फिरणं हेच त्या बाईंचं निम्मं काम आहे. लिंडा मार्टेल कोण, हेही बघ. कृष्णवर्णीय बाई, १९७० साली कंट्रीचा अल्बम काढला होता. 'हे कंट्री नव्हेच' असं लिहिण्याआधी ही दोन नावं माहीत हवीत. मग खुशाल लिही. (तुला बँजो म्हटल्यावर गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो आठवला असेल तर तीही गंमतच. तो टाइपरायटरसारख्या बटणांचा, बुलबुल तरंगाचा भाऊ. नाव तेवढं सारखं.)

त्यावरून 'अ‍ॅज वी स्पीक'. बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा डबल बास, राकेश चौरसियांची बासरी आणि तबल्यावर झाकीरभाई, म्हणजे झाकीर हुसेन. तू लिहिलंस, "तबला सपाट वाटला." वाचून मी चष्मा काढून ठेवला. मग लक्षात आलं, तू हे फोनच्या स्पीकरवर ऐकलंस. पोरी, त्या एवढ्याशा स्पीकरला खर्ज नसतोच. डबल बास गेला, डग्गा गेला, उरलं काय तर चाटीवरची टकटक. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला तो 'घूं', ज्यात बोल वर चढत जातो, तो तुझ्यापर्यंत आलाच नाही. बरे हेडफोन लाव आणि त्यातलं 'पश्तो' ऐक. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं, म्हणून ऐक असं मी म्हणत नाही, ग्रॅमी बऱ्याच गोष्टींना मिळतं. चार जणांत बँजोवाल्याच्या बोटांना मोकळीक देण्यासाठी तबलजी कुठे मागे सरतो, ते ऐक. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. त्यानंतर मला हा अल्बम नीट ऐकवत नाही, त्यामुळे माझ्याही मतात आता भेसळ आहे. तुझ्या मतात अशी भेसळ असेल तर ती लपवू नकोस, सांगून टाक. वाचणारा तेवढं वजा करून घेतो.

ब्लडीवूड या दिल्लीच्या मेटल बँडच्या 'नू दिल्ली'ला तू पाचात दोन तारे दिलेस आणि कारण लिहिलंस 'गोंगाट'. मेटल गोंगाट करतं हे सांगायला समीक्षक कशाला हवा? मिसळ तिखट आहे असं लिहिण्यासारखं झालं. आठ गाणी आहेत, ढोल आणि गिटार खांद्याला खांदा लावून येतात, आणि हा अल्बम तुला थांबवतच नाही. त्याची सम दर मिनिटाला तुझ्या अंगावर येते. रात्री गादीवर पडून, आवाज बारीक करून ऐकायची ही वस्तू नव्हे. उभी राहून ऐक. आमच्याकडे ढोल-ताशाचं पथक लांबून कटकट वाटतं आणि दहा पावलांवर आलं की छातीत वाजतं, तसं. एवढं करून नाही आवडलं तर ढोल कुठे नुसता फोडणीला टाकलाय आणि कुठे त्याच्यावर गाणं उभं आहे, ते लिही. 'तडका' नावाचं त्यांचं जेवणावरचं एक गाणं आहेच, तिथूनच सुरुवात कर. मला विचारशील तर निम्म्या गाण्यांत ढोल फोडणीलाच आहे.

राहिला गायिका अरूज आफताबचा 'नाइट रेन'. हा तुला सगळ्यांत आवडला, आणि यावरच तू सगळ्यांत वाईट लिहिलं आहेस. 'अप्रतिम', 'शब्दच नाहीत', 'निव्वळ जादू'. शब्दच नाहीत तर मग दीडशे शब्द लिहिलेस कशाने? न आवडलेल्या गोष्टीवर लिहिताना तू बारीक बघतेस, आवडलं की डोळे मिटून घेतेस. माझंही तेच व्हायचं. गिऱ्हाइकाला नको असलेल्या कॅसेटमधले दोष मी दहा मिनिटं सांगायचो आणि जीव जडलेल्या कॅसेटबद्दल "घेऊन जा हो, भारी आहे" एवढंच. अर्थात ती खपायची नाही.

या अल्बमात 'ना गुल' आणि 'साकी' आहेत ना, त्यांचे शब्द माह लका बाई चंदा यांचे आहेत. अठराव्या शतकातली हैदराबादची तवायफ, उर्दूत स्वतःचा दिवाण म्हणजे काव्यसंग्रह असलेल्या पहिल्या काही बायकांतली. म्हणजे बाई आपल्या दख्खनच्या, आणि त्यांचे शेर दोनशे वर्षांनी ब्रुकलिनमधली ही पाकिस्तानी गायिका गाते, 'साकी' तर विजय अय्यरच्या पियानोवर. हे तू ऐकलंस आणि तुला शब्द सुचले नाहीत? तिच्या गळ्यात ताना नाहीत, हरकती नाहीत. ओळ म्हणते आणि पुढची ओळ म्हणायची घाई करत नाही. त्या मधल्या रिकाम्या जागेत वाद्यं काय करतात, ते मला तुझ्याकडून वाचायचंय. कुठल्या गाण्यात, कितव्या मिनिटाला, कुठलं वाद्य आत आलं, आणि तेव्हा तुला काय झालं. बाकीचे चार अल्बम सध्या बाजूला ठेव, हा एकच पुन्हा लिहून पाठव. तारे नकोत. 'ओव्हररेटेड' हा शब्दही वर्षभर वापरू नकोस. त्यात गाण्याचा काही पत्ता नसतो, दुसऱ्यांना ते किती आवडलं याचीच तक्रार असते.

आज दुपारी तंबोरा बघायला गेलो होतो. कारागीर कानसने घोडी घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. मग घोडीवर तारेखाली सुताचा धागा घालून तो पुढे-मागे सरकवतो. पहिल्यांदा तार 'टक्' करून मेली. धागा केसभर सरकला, जरा बरी वाजली. आणखी केसभर, आणि एकदम खोली भरली. मी म्हटलं, झालं की! तो म्हणाला, "अजून नाही." मला तर फरकच कळत नव्हता. मग त्याने पुन्हा सरकवला, आणि कळला.

तंबोरा न्यायला येशील तेव्हा गाडीत मागच्या सीटवर आडवा टाकू नकोस, कुणीतरी मांडीवर धरून बसा. येताना तुझे हेडफोन आण, माझ्या हेडफोनच्या एका कानाचा आवाज गेलाय. आणि फोन करायचा तर सकाळी दहाला नको, ती काकूच्या मिक्सरची वेळ.

तुझा,
काका