सप्ताहाच्या कीर्तनांचं फोर-के एडिटिंग : लॅपटॉपसाठी कर्ज काढण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गावच्या हरिनाम सप्ताहाची सातही कीर्तनं तुम्ही कॅमेरा आणि फोन अशी दोन्हीकडून फोर-केमध्ये घेतलीत, दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत टाकलीत आणि टाइमलाइन, म्हणजे क्लिप ओळीने लावून कापायची पट्टी, हलेना. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, जोडून पाहिली, तरी तेच. शिवाय तासाभराने फोनचं चित्र आणि आवाज जुळत नाही. आता कर्ज काढून नवा लॅपटॉप घ्यावा का, असं विचारलंय. नका घेऊ. निदान आत्ता तरी नाही.

एसएसडीने फरक का पडला नाही, ते आधी बघू. तुमचा कॅमेरा १०० एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटने, रेकॉर्ड करतो. आठाने भागलं की सेकंदाला साडेबारा एमबी. एवढं तर साधी हार्ड डिस्कही आरामात देते. अडतंय ते प्रोसेसरपाशी. व्हिडिओ दाबून साठवायची जी एच.२६४ पद्धत आहे, तिच्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, आणि तिच्या आसपासच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद. तुम्ही मध्येच कुठेतरी कर्सर नेलात की मशीनला जवळच्या पूर्ण फ्रेमपासून सगळं जुळवत तिथवर यावं लागतं. सलग बघताना हे खपून जातं. कापाकापी करताना दर क्लिकला मशीनचा दम निघतो.

यावर उपाय प्रॉक्सी, म्हणजे फक्त एडिटिंगपुरती मूळ फुटेजची हलकी प्रत. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये प्रॉक्सीचं रिझोल्यूशन 'हाफ' आणि फॉरमॅट डीएनएक्सएचआर एलबी ठेवा. मग मीडिया पूलमधल्या (आत घेतलेल्या फाइल दिसतात तिथल्या) क्लिप निवडून राइट क्लिक, 'जनरेट प्रॉक्सी मीडिया'. या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते, म्हणून जुनं मशीनही झटकन उडी मारतं. फोर-केच्या निम्म्या म्हणजे १०८० ला, सेकंदाला २५ फ्रेमने, तासाला साधारण १६ जीबी लागतात. म्हणजे दोन तासांच्या कीर्तनाला एका कॅमेऱ्याचे ३२. तुमची एसएसडी खरी इथे उपयोगी पडेल, प्रॉक्सी तिच्यावरच ठेवा. बनायला वेळ लागतो, रात्री लावून झोपा. एक्स्पोर्ट मूळ फुटेजवरूनच होतो. एक्स्पोर्टच्या डिलिव्हर पानावर 'यूज प्रॉक्सी मीडिया'वर टिक नाही ना, तेवढं बघून घ्या.

आता आवाजाचं. फोन फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, स्थिर ठेवत नाही, उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतो. सुरुवातीच्या अभंगाला सगळं बरोबर असतं, आणि शेवटाकडे टाळांचा आवाज आणि टाळकऱ्यांचे हात जुळेनासे होतात. हे हाताने सरकवत बसू नका, पाच मिनिटांनी पुन्हा सुटतं. फोनच्या फाइल रिझॉल्व्हमध्ये घेण्याआधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या फुकट सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून काढा. प्रॉक्सी त्यानंतर. आणि टाइमलाइनचा फ्रेमरेट पहिली क्लिप टाकण्यापूर्वीच २५ करा, नंतर तो बदलता येत नाही. पुढच्या वर्षी फोनही २५ वर आणि शटर (एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/५० सेकंदावर ठेवता आलं तर बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, मंडपातल्या ट्यूबलाइटचं लुकलुकणं त्याने आटोक्यात येतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सगळ्यात जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. मूळ फुटेजची दुसरी प्रत कुठे आहे? तुमच्या कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी, सात कीर्तनांचे ६३० च्या आसपास, आणि हे सगळं एकाच डिस्कवर दिसतंय. एका काल्याच्या कीर्तनाचं कार्ड मी घाईत कॉपी केलं. कॅमेऱ्याने लांब रेकॉर्डिंगचे तुकडे केले होते, शेवटचा तुकडा दुसऱ्या फोल्डरमध्ये होता. मी समोर दिसल्या तेवढ्या फाइल ओढल्या आणि कार्ड फॉरमॅट केलं. गेलं ते नेमकं दहीहंडीचं. त्या कीर्तनकारांचा तो आमच्या गावातला शेवटचा काला ठरला. तेव्हापासून माझा नियम आहे : कार्डातलं सगळं फोल्डर जसंच्या तसं उचलायचं, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवायचं, दोन्हीकडचा एकूण आकार कार्डाशी ताडायचा, शेवटची क्लिप शेवटपर्यंत चालवून बघायची. मगच फॉरमॅट. दुसरी डिस्क साधी, फिरणारी चालेल. ती शक्यतो दुसऱ्या घरी राहू द्या.

पैसे खर्च करायचेच असतील तर ही डिस्क आधी, आणि मग रॅम ८ ची १६ जीबी, तुमच्या मॉडेलमध्ये जागा असेल तर. ग्राफिक्स कार्डाचा विचार तुम्ही रंगांचं बारीक काम करायला लागलात की करू.

आज एकाच कीर्तनाच्या प्रॉक्सी लावून बघा, सातही एकदम नको. त्यानंतरही अडलं तर अडलेल्या क्लिपचा कोडेक (एच.२६४ सारखी साठवायची पद्धत), फ्रेमरेट आणि प्रोसेसरचं नाव सांगा, पुढचं त्यावरून ठरवू.