रूट कॅनल करून घेऊ की मूळपेशींनी (स्टेम सेल्सनी) दात पुन्हा जिवंत होईपर्यंत थांबू?

थांबू नका.

तुम्ही लिहिलंय की वय ३४, खालची दाढ, दुखत अजिबात नाही, पण एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळा डाग निघाला. डेंटिस्टने रूट कॅनल सांगितलं आणि नेमकी त्याच आठवड्यात जपानमधल्या ‘दात उगवणाऱ्या औषधा’ची बातमी तुमच्या वाचनात आली. मी रोज रूट कॅनलच करते, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं वाटेल. तरीही वाचा, कारण नव्या संशोधनाबद्दल मलाही तुमच्याइतकीच उत्सुकता आहे.

आधी तो डाग. काळं दिसतंय तिथे मूळ किडलेलं नाही, तिथलं हाड विरघळलंय. दाताची नस, म्हणजे पल्प, मेली की आतली नळी ओस पडते आणि जंतू तिथे ठाण मांडतात. रक्तपुरवठा तुटलेला, त्यामुळे पांढऱ्या पेशी आत शिरू शकत नाहीत आणि तुम्ही घेतलेली गोळीही तिथवर पोचत नाही. मग शरीर मुळाच्या टोकाबाहेर नाकेबंदी करतं. त्यासाठी जागा हवी, म्हणून हाड खाणाऱ्या पेशींना तेच कामाला लावतं. हे सगळं मुकाट्याने चालतं. आतलं जाळीदार हाड पोखरलं गेलं तरी बाहेरची टणक भिंत शाबूत असेल तर साध्या एक्स-रेत काही दिसत नाही. म्हणजे डाग दिसलाय, तर काम बरंच आधी सुरू झालेलं आहे. दुखत नाही हा दिलासा मानू नका.

यामागे जंतूच आहेत हे १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी फार सुंदर दाखवलं. त्यांनी उंदरांच्या दाढांना पल्पपर्यंत भोकं पाडली आणि तशीच उघडी ठेवली. नेहमीच्या उंदरांचा पल्प सडला, मुळाशी गळवं झाली. जन्मापासून जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या भोकांतही अन्न अडकत होतं, पण तिथे पल्प जगला आणि त्याने भोकावर नव्या डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या टणक थराचा, पूल बांधला. दातात दुरुस्तीची ताकद मुळातच आहे, जंतू तिला उसंत देत नाहीत. पुढचं सगळं संशोधन याच गाठीशी येऊन अडतं.

मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या ऊती घडू शकतात अशा पेशी, खऱ्या आहेत. अक्कलदाढेच्या पल्पमध्ये त्या २००० साली सापडल्या, दुधाच्या दातांत २००३ साली. पण दवाखान्यात आज जे चालतं ते त्याहून साधं आहे. लहान मुलाचा पुढचा दात मार लागून मेला आणि मुळाचं टोक अजून उघडंच असेल, तर आम्ही नळी निर्जंतुक करतो, मग टोकापलीकडे सुई टोचून मुद्दाम रक्त आणतो, त्याची गुठळी होऊ देतो आणि वरून सिमेंटने बंद करतो. रक्ताच्या गुठळीची कल्पना नायगार्ड-ऑस्टबी यांनी १९६१ मध्येच मांडली होती, रुळली मात्र २००१ ते २००४ च्या सुमारास. कित्येकदा त्या मुलांची मुळं लांब होतात, भिंती जाड होतात. पहिल्यांदा असा एक्स-रे पाहिला तेव्हा मी तो दोनदा तपासला, दात तोच आहे ना म्हणून.

मात्र असे काही दात पुढे काढावे लागले, सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा आत बहुतेक वेळा पल्प नव्हताच. हाडासारखी आणि मुळावरच्या सिमेंटम नावाच्या थरासारखी ऊती भरली होती. पडक्या घरात माणसं राहायला आली, पण ती मूळची नव्हेत.

शिवाय अडचण अशी की जंतू मारायला वापरतो ते हायपोक्लोराइट जास्त तीव्र असेल तर मूळपेशीही मारतं. म्हणून या उपचारात ते १.५ टक्क्यांवर ठेवतात आणि नंतर १७ टक्के ईडीटीए या रसायनाने नळी धुतात, कारण त्याने डेंटिनमध्ये कोंडलेले वाढीचे घटक मोकळे होतात. तीन अँटिबायोटिक्सचा लेपही आत भरत असत, त्यातल्या मिनोसायक्लिनमुळे दात राखाडी पडतो. एका मुलाचा पुढचा दात माझ्या हातूनही असा झालाय. त्याच्या आईची नजर अजून आठवते.

तुमच्या पूर्ण वाढलेल्या मुळाचं छिद्र सहसा अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असतं. तिथून रक्तवाहिन्या आत वाढवणं फार कठीण. दातात बाहेरून मूळपेशी सोडण्याचे प्रयत्न झालेत: २०१७ मध्ये जपानमध्ये पाच प्रौढांवर, २०१८ मध्ये चीनमध्ये २६ मुलांवर. चीनमध्ये मुलांच्या स्वतःच्या दुधाच्या दातातल्या पेशी अपघातात मेलेल्या, मुळं अजून पूर्ण न वाढलेल्या दातांत सोडल्या, तेव्हा रक्तपुरवठा आणि संवेदना परतली. तुमचे दुधाचे दात कधीच पडलेत.

आणि ती बातमी. जपानमधल्या क्योतोचं ते औषध दाताची वाढ अडवणारं यूसॅग-१ नावाचं प्रथिन रोखतं आणि नवा दात उगवायला वाव देतं. माणसांवरची पहिली चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली, तीही आधी औषध सुरक्षित आहे का हे पाहायला. मेलेला दात जिवंत करणं हा त्याचा उद्देशच नाही. लंडनमध्ये २०१७ साली टायडेग्लुसिब हे औषध वापरून उंदरांच्या दातांची भोकं डेंटिनने भरून आली, पण तिथे पल्प जिवंत होता.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. रूट कॅनल नीट झालं, जंतूंची रसद तुटली, की मुळाच्या टोकाशी गेलेलं हाड बहुतेकदा परत येतं. बाहेरून पेशी आणाव्या लागत नाहीत, तुमच्याच हाडातल्या पुरतात. काळा डाग कडेकडून फिका होत जातो. फरक बहुधा वर्षभरात दिसतो, मोठ्या डागाला चार वर्षंही लागू शकतात. कधी कधी भरत नाही, तेव्हा पुन्हा रूट कॅनल किंवा टोकाची छोटी शस्त्रक्रिया करावी लागते.

त्यामुळे आत्ताचा एक्स-रे जपून ठेवा, दाढेवर कॅप लवकर बसवून घ्या, आणि वर्षाने त्याच कोनातून दुसरा एक्स-रे काढायला सांगा. दोन्ही शेजारी ठेवून बघायला विसरू नका.