स्टॅटिनऐवजी फिश ऑइल? नको

तुमच्या वडिलांची कंबर ९८ सेंमी, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) २४०, उपाशीपोटी साखर ११२, बीपीची गोळी चालू. डॉक्टरांनी मेटाबोलिक सिंड्रोम (पोटाचा घेर, साखर, बीपी, चरबी एकत्र वाढणं) सांगून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, दिलंय, पण वडील म्हणतात, "त्यापेक्षा फिश ऑइल घेतो, नैसर्गिक आहे." चालेल का, असं तुम्ही विचारलंत. नाही चालणार. कृपा करून स्टॅटिन बंद करू देऊ नका.

आधी बाटलीची मागची बाजू वाचा. पुढे मोठ्या अक्षरात १००० मिग्रॅ लिहितात, ते नुसतं तेलाचं वजन. कामाचे घटक ईपीए आणि डीएचए, म्हणजे माशाच्या तेलातली ओमेगा-३ आम्लं. साध्या कॅप्सूलमध्ये दोन्ही मिळून बहुधा ३०० मिग्रॅ. ट्रायग्लिसराइड चांगलं उतरवायला रोज ४ ग्रॅमच्या आसपास लागतात. म्हणजे दिवसाला तेरा कॅप्सूल!

बरं, आकडा उतरला म्हणजे हृदय वाचलं असंही नाही. वडिलांसारख्यांना जवळचा पुरावा म्हणजे दोन मोठ्या चाचण्या: २०१२ ची ओरिजिन (साखर वाढलेले किंवा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक) आणि २०१८ ची असेंड (१५ हजारांवर मधुमेही, सरासरी सातेक वर्षं). दोन्हींत रोज १ ग्रॅमची कॅप्सूल दिली, हृदयाला फायदा दिसला नाही. २०२० च्या स्ट्रेंग्थ चाचणीत तर ४ ग्रॅम दिले. ट्रायग्लिसराइड उतरलं, झटके कमी झाले नाहीत, आणि चाचणी मध्येच थांबवली.

मग २०१८ च्या रिड्यूस-इट चाचणीचं काय? तिथे हृदयाचे गंभीर प्रसंग २५ टक्क्यांनी कमी झाले हे खरं. पण ते औषध शुद्ध ईपीएचं, आयकोसापेंट इथाइल, रोज ४ ग्रॅम. तुलनेच्या गटाला खनिज तेल दिलं होतं आणि त्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलं, त्यावरून वाद अजून मिटलेला नाही. आणि ती सगळी माणसं आधीपासून स्टॅटिनवर होती! वडिलांना एवढं जरूर सांगा.

२४० खाली आणायला जास्त उपयोग वजनाचा. ५ ते १० टक्के वजन घटलं तर ट्रायग्लिसराइड वीसेक टक्के उतरू शकतं. साखर, मैदा, आणि घेत असतील तर दारू, यांवर लक्ष द्या. मासे खात असाल तर बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा. तळलेले नकोत, तिखलं करा.

तरीही कॅप्सूल घ्यायचीच म्हणाले तर डॉक्टरांच्या कानावर घाला, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नक्कीच. मोठ्या मात्रेत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित होणं) वाढल्याचं स्ट्रेंग्थ आणि रिड्यूस-इट दोन्हींत दिसलं. धडधड वाटली, ठोके अनियमित लागले, तर कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी ईसीजी काढा.