लायसन्स भिंतीवर, औषध पोरांच्या हातात

उन्हाळा लागला की ढेकूण, झुरळं आणि पेस्ट कंट्रोलवरची पत्रं एकदमच वर येतात. यावेळी तीन पत्रं घेतलीत, शेतीचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : सर, धायरीत माझा छोटा पेस्ट कंट्रोलचा धंदा आहे, लायसन्स आहे, तीन पोरं कामाला आहेत. भाड्याच्या फ्लॅटमधून ढेकणांचे कॉल खूप येतात आणि गिऱ्हाइकाला एका दिवसात काम पाहिजे असतं. एक ओळखीचा म्हणाला की धान्यात टाकायच्या गोळ्या गादीखाली ठेवायच्या, रूम बंद करायची, सकाळपर्यंत सगळं साफ. करून बघू का?

उत्तर : अजिबात नको. सगळं साफ होतं हे खरंय, पण त्यात माणसंही येतात.

त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन गॅस सुटतो, ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम. तुम्ही दार बंद केलं म्हणून तो रूममध्ये बसून राहत नाही, डक्टमधून, वायरिंगच्या भोकातून, दाराखालच्या फटीतून शेजारच्या फ्लॅटमध्ये जातो आणि तिथे कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो म्हणतात, पण त्या वासावर विसंबू नका, शुद्ध फॉस्फीनला वासच नसतो. आणि त्याच्यावर उतारा नाही, डॉक्टर फक्त पेशंटला सांभाळून धरू शकतात.

आता कायद्याचं. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. त्यात हे औषध निर्बंध असलेल्या यादीत आहे, म्हणजे सरकारी यंत्रणा किंवा पेस्ट कंट्रोल ऑपरेटर, तोही मान्यता मिळालेल्या तज्ज्ञाच्या कडक देखरेखीखालीच. झुरळं-वाळवीचं लायसन्स दाखवून हे काम करता येत नाही. मार्केट यार्डाकडच्या गोदामांत फ्युमिगेशन, म्हणजे धान्याला गॅस देणं, होतं ते कधी बघितलंत का, पोत्यांच्या थप्पीवर गॅस न सुटणारं कव्हर, कडेने वाळूच्या लांब पिशव्या दाबलेल्या, काही दिवस सगळं बंद आणि मग गॅस मोजूनच उघडतात. तुमच्या वन बीएचकेत यातलं काय होणार आहे?

ढेकणांना वाफ द्या. गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, पडद्याच्या घड्या, मग व्हॅक्यूम, मग ज्याच्या लेबलवर ढेकूण लिहिलेलं आहे तेच औषध, आणि दहा-पंधरा दिवसांनी दुसरी फेरी, कारण अंडी पहिल्या फेरीत वाचतात. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून टाका आणि जो एका दिवसाची गॅरंटी मागतो त्याचं काम सरळ सोडा. आणि हो, नुवानचा जुना कॅन कपाटात असेल तर तोही विसरा, त्यातल्या डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे.

पण तुमच्या पत्रातलं मला खरं खटकलं ते "तीन पोरं" हे. लायसन्ससाठी म्हैसूर, हापूड नाहीतर हैदराबादचा पंधरा दिवसांचा कोर्स तुम्ही केलाय, पंप पाठीवर घेऊन फिरतात ती पोरं. मागे कोथरूडच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक मुलगा चोकअप झालेला नोझल तोंडाने फुंकताना बघितला, तोंडाला रुमाल होता तो त्याने त्यासाठी खाली केला होता! मी ओरडलो तर म्हणतो, "काका, रोजचंच आहे." नोझलला जुना टूथब्रश ठेवा, पाच रुपयांचा विषय आहे. रुमाल म्हणजे मास्क नाही, औषधाने भिजला की उलट नाकाशीच धरून ठेवतो. नायट्राइलचे ग्लोव्हज, पॅन्ट गमबुटाच्या बाहेरून (आत खोचली की ओघळ बुटात जातो), ओतताना गॉगल, कारण पाणी न घातलेलं घट्ट औषध मोजतानाच धोका सगळ्यात जास्त. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, नाहीतर पोराच्या आईला पण डोस.

नियमात पोरांची मेडिकलही आहे, कामावर घेण्याआधी आणि नंतर दरवर्षी. वाळवीसाठी क्लोरपायरिफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस औषधं वापरत असाल तर रक्तातलं कोलिनएस्टरेज दर महिन्याला तपासायचं. नसांचा सिग्नल बंद करणारं हे एन्झाइमच ही औषधं अडवतात, म्हणून डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, घाम, लाळ, उलट्या, स्नायू फडफडतात. असं दिसलं की कपडे काढा, साबणाने धुवा, १०८ ला फोन आणि डबा लेबलसकट सोबत न्या, औषध कुठलं ते कळलं तर डॉक्टर ॲट्रोपिनचा, म्हणजे त्यावरच्या इंजेक्शनचा निर्णय पटकन घेतात. मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : काका, सोसायटीत वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट दिलंय, ते म्हणतात औषध हर्बल आहे, वास नाही, लगेच घरात बसा. बसू का? घरी फिश टँक आणि मांजर आहे. (एक वाचक, कर्वेनगर)

उत्तर : ताई, वास नाही म्हणजे विष नाही असं नसतं. डबा दाखवा म्हणा. लेबलवर त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा असला तरी ते औषधच. नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर बिलावर लिहून घ्या आणि लेबलवर जेवढा वेळ लिहिलाय तेवढं बाहेर थांबा. डबाच दाखवत नसतील तर दारातूनच परत पाठवा. तुमच्या टँकचं जास्त टेन्शन घ्या, झुरळं-डासांच्या फवाऱ्यात असतं ते पायरेथ्रॉइड माशांना अगदी थोडं पुरतं, एअर पंप बंद करून टँक झाका किंवा सरळ शेजारी न्या. मांजर पण बाहेर, त्यातलंच परमेथ्रिन मांजरांना सोसत नाही.

प्रश्न : रिकामे कॅन भंगारवाला घेतो, देऊ ना? (एक पेस्ट कंट्रोलवाला, हडपसर)

उत्तर : नाही ना दादा, उद्या त्यातच कुणीतरी रॉकेल नाहीतर पाणी भरतं. तीनदा विसळा, विसळलेलं पाणी पंपातच ओता (गटारात नको, ते शेवटी मुळा-मुठेतच जातं), मग कॅनला भोकं पाडून कुलूपबंद ठेवा आणि जिथून माल घेता त्या डीलरला विचारा, कंपनीकडून परत घेण्याची सोय आहे का. आणि उरलेलं औषध बिसलेरीच्या बाटलीत भरून ठेवलं असेल, तुम्ही नाही म्हणाल तरी एकदा टेम्पोच्या सीटखाली बघून घ्या.