प्लंजरचा स्ट्रोक बदलत नाही, मग अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर डिझेल वाढतं कसं?

डिझेल इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा इनलाइन इंजेक्शन पंप पहिल्यांदा खोलला तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. कॅम (फिरता उंचवटा) प्लंजरला, म्हणजे पंपातल्या दट्ट्याला, दर वेळी तेवढाच उचलतो, मग डिझेल कमी-जास्त कोण करतं?

उत्तर प्लंजरच्या अंगावरच कोरलेलं आहे. प्लंजर हातात घेऊन फिरवा, बाजूला एक तिरकी खाच आणि तिला माथ्याशी जोडणारी एक उभी खाच दिसेल. प्लंजर खाली असताना बॅरलच्या, म्हणजे तो ज्यात सरकतो त्या नळीच्या, भोकातून डिझेल वरच्या जागेत भरतं. वर चढताना त्याचा माथा भोक झाकतो आणि दाब सुरू होतो. पुढे तिरकी खाच भोकासमोर आली, की वर कोंडलेलं डिझेल उभ्या खाचेतून उतरून त्याच भोकातून निसटतं. दाब पडतो, फवारा थांबतो. प्लंजर वर जातच राहतो, पण तो उरलेला प्रवास नुसताच.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की रॅक, म्हणजे प्लंजर फिरवणारी पट्टी, सरकतो आणि प्लंजर स्वतःभोवती थोडा फिरतो. आता खाच भोकाशी उशिरा पोचते, म्हणून डिझेल जास्त जातं. इंजिन बंद करताना उभी खाचच भोकासमोर आणतात, मग दाब तयारच होत नाही. किती साधी आणि सुंदर युक्ती आहे ही!

पेडल आणि रॅक यांच्या मध्ये गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारी यंत्रणा, असतो. वेग वाढला की त्याची फिरती वजनं बाहेर फाकतात आणि रॅक मागे ओढतात. तो नसेल तर लोड सुटताच इंजिन बेफाम पळेल.

पूर्ण लोडवरही एका फवाऱ्यात जेमतेम थेंब-दीड थेंब डिझेल जातं. ते शेकडो बार दाबाखाली मोजायचं, म्हणून प्लंजर आणि बॅरलमधली फट अवघी २ ते ३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) ठेवतात. तिथे वंगण डिझेलचंच, त्यामुळे पाणी किंवा धूळ गेली की एलिमेंट (प्लंजर-बॅरलची जोडी) गेलाच. दोन्ही भाग जोडीनेच घासून बसवलेले असतात. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये कधीच घालू नका.

बॅरलच्या वरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पाइपात डिझेल सोडणारी झडप) लोकांच्या लक्षात येत नाही. बसताना तो पाइपातलं किंचित डिझेल मागे खेचतो, त्यामुळे नोझल, म्हणजे फवारा मारणारं तोंड, झटक्यात मिटतं. तो झिजला की नोझल ठिबकतं आणि धूर येतो.

कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून डिझेल देणाऱ्या पद्धतीत, मात्र पंप फक्त दाब तयार करतो. किती आणि केव्हा सोडायचं ते ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) हुकमाने इंजेक्टर ठरवतो, त्यामुळे तो पंप खोललात तर ही तिरकी खाच सापडणार नाही.