घरात वायफाय असताना लॅनची वायर टाकायची गरज आहे का? कॅट ५ई घ्यावी की कॅट ६?

तुमच्या नव्या फ्लॅटचं काम सुरू आहे आणि इंटिरियरवाले म्हणतात, 'वायफाय आहे, वायर कशाला?' त्यांचं ऐकू नका. वायर टाका, कॅट ६ टाका. कॅट ५ई आणि कॅट ६ हे लॅन केबलचे दोन प्रकार. घरातल्या अंतराला कॅट ५ईवरही १ जीबीपीएसचा (१००० एमबीपीएस) वेग नीट मिळतो, पण भिंत फोडण्याच्या मजुरीपुढे दोन्हींच्या किमतीतला फरक किरकोळ आहे.

मात्र ५ई की ६ यापेक्षा मोठा प्रश्न आहे की आतली तार कशाची आहे. त्यावर कोणी बोलत नाही, म्हणून लिहितोय.

मी कोल्हापुरात नेटवर्किंग आणि कॅमेऱ्यांची कामं करतो. एका सीएंच्या ऑफिसात केबल ओढायचं काम इंटिरियरच्या कॉन्ट्रॅक्टरने स्वतःकडे ठेवलं. माझ्याकडे नेटवर्कचा स्विच (सगळ्या केबली जिथे जोडतात ती पेटी), रॅक आणि कॅमेरे. केबलचा खोका उचलल्यावरच मी म्हणालो, हा फार हलका लागतोय. त्यावर उत्तर आलं, "केबल ती केबल, नेट चालल्याशी मतलब."

थोड्याच दिवसांत फोन सुरू झाले. पार्किंगकडचे कॅमेरे दिवसभर उत्तम आणि अंधार पडला की बंद-चालू, बंद-चालू. कॉन्ट्रॅक्टरने सीए साहेबांसमोर सांगितलं की यानेच डुप्लिकेट कॅमेरे लावलेत. मी कॅमेरा बदलून पाहिला, स्विच बदलून पाहिला, रात्री पुन्हा तेच. पीओई कॅमेऱ्याला वीज लॅनच्या केबलमधूनच जाते. रात्री त्याचे अंधारात दिसण्यासाठीचे आयआर (इन्फ्रारेड) दिवे लागले की तो जास्त करंट ओढतो. तार हलकी आणि लांब असली की टोकाला व्होल्टेज पडतं, कॅमेरा रीस्टार्ट होतो, दिवे लागले की पुन्हा बंद पडतो.

मग मी त्या केबलचा तुकडा साहेबांच्या टेबलावर सोलला आणि एक तार ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस थर निघाला, आत चंदेरी पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, बाजारात याला सीसीए म्हणतात. शेजारी माझ्या बॅगेतली केबल खरवडली, ती आतपर्यंत लालच. सीसीएचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण दीडपट असतो आणि थोडी वाकवली-सरळ केली की तार तुटते. तरी कॉन्ट्रॅक्टर टेस्टर दाखवत राहिला, आठही दिवे लागतात म्हणून. तो साधा टेस्टर फक्त जोडणी सांगतो, धातू सांगत नाही.

त्याच ऑफिसात दोन टेबलांवर ३०० एमबीपीएसचा प्लॅन असून स्पीड ९४ वर अडकलेला. १ जीबीपीएसला केबलमधल्या आठ तारांच्या चारही जोड्या लागतात. आयओच्या (भिंतीवरच्या लॅन सॉकेटच्या) मागे एक तार तुटली होती, म्हणून लिंक १०० एमबीपीएसवर उतरली. पाईप गच्च भरलेले, जुनी केबल ओढून निघेना. अखेर तयार ऑफिसात भिंतीवरून पट्टी मारून नवी केबल टाकावी लागली आणि तो खर्च साहेबांनी सोसला, कॉन्ट्रॅक्टरने नाही.

म्हणून केबल स्वतः दुकानातून आणा आणि बिलावर 'शुद्ध तांबे' लिहून घ्या. तुमच्यासमोर एक तार खरवडायला लावा. इंटिरियरवाल्याला राग आला तर येऊ दे. लाईटच्या पाईपमधून लॅन ओढू देऊ नका, वेगळा २५ मिमीचा पाईप मागा. टीव्हीमागे आणि कामाच्या टेबलाजवळ दोन-दोन केबली टाका, सगळ्यांची दुसरी टोकं राऊटरच्या जागी आणा. आयओ पंच करताना, म्हणजे त्यात तारा दाबून बसवताना, जोड्यांचा पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडायचा नाही. पीओपी बंद होण्याआधी प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून लिंक १ जीबीपीएस दिसते का ते स्वतः बघा. टेस्टरचे दिवे मोजून पैसे देऊ नका.

आता हेही सांगतो. घर भाड्याचं असेल किंवा एका खोलीचं, तर वायफायच पुरे. मोबाईलला ते लागणारच आहे. दोन-तीन बेडरूमच्या घरात, विशेषतः आरसीसीच्या भिंतींमागे, सिग्नल मेला तर दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय सिग्नल देणारा डबा) लावावा लागतो, आणि त्याच्यापर्यंतही लॅनची वायर गेलेलीच बरी. म्हणून पॅसेजच्या छतात एक पॉइंट आत्ताच काढून ठेवा.