जुन्या पीसीत रॅम २ ची ८ जीबी केली. विंडोज १० चं ३२-बिटच ठेवू की ६४-बिट टाकू?

६४-बिट. ८ जीबी रॅमवर ३२-बिट ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात. ३२-बिट विंडोजला मेमरीतल्या जागा मोजायला मिळणाऱ्या पत्त्यांची मर्यादाच ४ जीबीची, त्यातला काही भाग ग्राफिक्स वगैरे हार्डवेअरसाठी राखीव जातो, त्यामुळे हातात साधारण सव्वातीन-साडेतीन जीबीच उरते. बाकीची रॅम नुसती बसून राहते.

आधी सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग अबाउट उघडा. 'सिस्टम टाइप'समोर '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असं दिसलं तर प्रोसेसर तयार आहे, फक्त विंडोज ३२-बिट आहे. मात्र ३२ वरून ६४ वर थेट अपग्रेड होत नाही. सी ड्राइव्ह कोरा करून नव्याने टाकावं लागतं, म्हणून फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या. लायसन्सची काळजी नको, तेच चालतं.

खरी अडचण जुन्या प्रिंटर-स्कॅनरची. ६४-बिट विंडोजला ड्रायव्हरही (ते यंत्र चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) ६४-बिटच लागतो. कंपनीच्या साइटवर तो आहे का, हे फॉरमॅट मारण्याआधी बघा, नंतर नाही. साधी ३२-बिट सॉफ्टवेअर बिनबोभाट चालतात. डॉसच्या काळातला १६-बिट हिशेबाचा प्रोग्राम असेल तर तो मात्र थेट उघडणार नाही, त्याला डॉसबॉक्स (जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) लागेल.

आणि हो, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ तर ३२-बिटमध्ये येतच नाही. एवढा खटाटोप करताच आहात तर पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टम) हेही चालवून बघा, इन्स्टॉल न करता चालतं.